दुर्लक्ष हा उपचार नव्हे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत हिस्ट्रिऑनिक व्यक्तिमत्त्व विकाराविषयी, म्हणजे सतत लक्ष वेधून घेऊ पाहणाऱ्या, ‘नाटकी’ वाटणाऱ्या माणसांच्या विकाराविषयी, अलीकडे आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा लक्षात आले की, त्यात लिहिलेल्यापैकी निम्म्या गोष्टी मी स्वतःच सव्वीस वर्षे वर्गात सांगत आले होते. मी मानसशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका असून वसई परिसरात राहते आणि आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) आजारी व एकाकी माणसांना घरी जाऊन भेटणाऱ्या गटात काम करते. त्यामुळे या विषयाची पुस्तकातली बाजू आणि ओसरीवरची बाजू अशा दोन्ही मला थोड्याफार ठाऊक आहेत. लेखाच्या शीर्षकात ‘नौटंकी’ हा शब्द होता, सोबत काजळ ओघळलेल्या एका तरुणीचे छायाचित्र होते आणि शेवटी वाचकांना असा सल्ला होता की, अशा माणसांकडे लक्ष देऊ नये, प्रेक्षक उठून गेले की नाटक आपोआप बंद पडते. शीर्षक आणि छायाचित्र यांबद्दल पत्राच्या ओघात लिहीनच. पण हे पत्र लिहावेसे वाटले ते या शेवटच्या सल्ल्यामुळे, कारण तो मानसशास्त्राच्या दृष्टीने अपुरा आणि ख्रिस्ती धर्मविचाराच्या दृष्टीने चुकीचा आहे असे माझे मत आहे.

आधी शब्दाविषयी. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्याची आठवण म्हणून दर वर्षी ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. पण घरात कोणी रडू लागले की त्याच रंगभूमीचे सगळे शब्द शिवी होऊन बाहेर पडतात. नाटक करू नकोस, तमाशा मांडू नकोस, सोंग घेऊ नकोस. ‘हिस्ट्रिऑनिक’ हा शब्द लॅटिनमधील नटाला असलेल्या ‘हिस्ट्रिओ’ या शब्दावरून आलेला आहे, म्हणजे वैद्यकानेही नटाचीच उपमा उचलली. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, चारचौघांत दिसावे म्हणून चौकात उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांना येशू ज्या शब्दाने संबोधतो, ज्याचे मराठी बायबलात ‘ढोंगी’ असे भाषांतर झाले आहे, तो मूळचा ग्रीक शब्दही रंगमंचावरील नटासाठीच वापरला जात असे. तीन भाषा, एकच उपमा. म्हणूनच ख्रिस्ती घरांत ही गल्लत फार सहज होते: डॉक्टर ज्याला नाटकी म्हणतात तो आणि येशू ज्याला ढोंगी म्हणतो तो, हा एकच माणूस असे आपण धरून चालतो. तो एकच नाही, आणि हे कसे ते समजण्यासाठी निदानात नेमके काय म्हटले आहे ते पाहावे लागते.

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ या निदानसूचीत या विकाराची आठ लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी किमान पाच लक्षणे तारुण्याच्या उंबरठ्यापासून आणि निरनिराळ्या प्रसंगांत सातत्याने दिसत असतील, तरच हे निदान करता येते. आपण सर्वांच्या लक्षाचे केंद्र नसू तेव्हा अस्वस्थ होणे, वागण्यात अनुचित लाडिकपणा किंवा मोहकपणा असणे, भावना झरझर बदलणे आणि त्या उथळ वाटणे, लक्ष वेधण्यासाठी रूप व पेहराव यांचा सतत वापर करणे, ढोबळ आणि तपशील नसलेले बोलणे, भावनांचे अतिरंजित प्रदर्शन, दुसऱ्याच्या बोलण्याने चटकन वाहून जाणे आणि एखादे नाते असते त्यापेक्षा फार जवळचे समजणे, अशी ती आठ लक्षणे आहेत. आपल्या लेखकाने यांपैकी रूप, पेहराव आणि रडणे यांवर बराच मजकूर खर्च केला. मला विचाराल तर सर्वांत बोलके लक्षण पाचवे आहे, आणि त्याचाच लेखात उल्लेख नाही. अशा व्यक्तीला विचारावे, “तुमच्या सासूबाई कशा होत्या हो?” तर उत्तर येते, “काय सांगू तुम्हांला, देवमाणूस! अशी बाई होणे नाही!” आणि पुढच्या वाक्यापर्यंत डोळे भरून येतात. पण त्या देवमाणसाने नेमके काय केले, सकाळी किती वाजता उठायची, कोणत्या गोष्टीला हसायची, असे विचारले की समोर धुके पसरते. हे खोटे बोलणे नव्हे. आयुष्य ज्या माणसाच्या मनात तपशिलांनी साठतच नाही, त्याच्याकडे सांगायला फक्त ठसे उरतात, आणि ठसे मोठ्या आवाजात सांगावे लागतात.

शेवटचे लक्षणही असेच दुर्लक्षित राहते. दोन वेळा रस्त्यात हसून बोललेल्या शेजारणीला ही व्यक्ती ‘माझी जिवाभावाची मैत्रीण’ म्हणू लागते आणि ती शेजारीण वाढदिवसाला विसरली की हिचे जग कोसळते. बाहेरच्याला ते कोसळणे नाटक वाटते, कारण त्याच्या हिशेबी नाते मुळात तेवढे नव्हतेच. अमेरिकेत २००१-०२ मध्ये झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणाच्या आधारे डीएसएम-५ मध्ये या विकाराचे प्रमाण १.८४ टक्के दिले आहे. म्हणजे आपल्या ओळखीतला प्रत्येक उत्साही, नटणारा, मोठ्याने हसणारा माणूस या सदरात बसत नाही, हे लेखात स्पष्टपणे यायला हवे होते. ठसठशीत स्वभाव हा आजार नव्हे. त्या स्वभावापायी माणसाची नाती, काम आणि मनःशांती वारंवार मोडून पडत असतील तेव्हाच विकाराचा विचार करायचा असतो. या विकारावर खास असे औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्यावर औषधे देतात. मुख्य उपचार म्हणजे दीर्घकाळ, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मर्यादांत चालणारे बोलणे.

आता छायाचित्रातल्या तरुणीकडे येते. १९८० मध्ये डीएसएम-३ मध्ये या विकाराला आजचे नाव मिळाले, त्यापूर्वी तो ‘हिस्टेरिकल’ व्यक्तिमत्त्व या नावाने ओळखला जाई, आणि ‘हिस्टेरिया’ हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला आहे. नाव बदलले तरी नजर बदलायला वेळ लागतो. १९५८ मध्येच चोडॉफ आणि लायन्स या दोघा अभ्यासकांनी दाखवून दिले होते की, हिस्टेरिकल व्यक्तिमत्त्वाचे वर्णन म्हणजे पुरुष डॉक्टरांनी काढलेले स्त्रीचे व्यंगचित्र आहे. १९८९ मध्ये फोर्ड आणि विडिगर या संशोधकांनी मानसशास्त्रज्ञांना रुग्णांचे वृत्तान्त वाचायला दिले. मजकूर तोच, फक्त कुठे रुग्ण पुरुष तर कुठे स्त्री. स्त्री म्हटले की तज्ज्ञांचे मन हिस्ट्रिऑनिक निदानाकडे झुकत होते. हा अभ्यास मी वर्गात कितीतरी वेळा शिकवला. तरी निवृत्तीच्या वर्षी जुन्या प्रश्नपत्रिका चाळत असताना मला दिसले की, या विकारावर मी घातलेल्या प्रत्येक प्रश्नातील काल्पनिक रुग्ण स्त्रीच होती. एकदाही ‘तो’ नव्हता. तेव्हा आपल्या पुरवणीच्या संपादकांनी छायाचित्र निवडताना केलेली चूक मी वर्षानुवर्षे प्रश्नपत्रिकेत केली आहे, आणि त्यामुळे माझा सूर फार चढा होऊ नये याची मी काळजी घेते आहे.

या इतिहासात धर्म आणि वैद्यक यांची गाठ एका ठिकाणी फार विचित्र पडते. पॅरिसमधील साल्पेट्रिएर रुग्णालयात १८७० ते १८९० या दशकांत मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. शार्को हिस्टेरियाच्या स्त्री रुग्णांवर व्याख्याने देत. त्या व्याख्यानांना डॉक्टरांखेरीज लेखक, पत्रकार, नट असे बाहेरचे लोकही येत; संमोहनाखाली रुग्ण स्त्रिया झटके, भास, आक्रोश ‘दाखवत’ आणि सभागृह पाहत असे. तिथे काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध झाली, त्यांतील मुद्रांना ‘भावसमाधी’, ‘क्रूसारोहण’ अशी थेट ख्रिस्ती भक्तीतली नावे दिलेली होती. त्या छायाचित्रांत सर्वाधिक गाजलेली, ऑगस्टीन या नावाने ओळखली जाणारी मुलगी १८८० मध्ये पुरुषाचा वेष करून तिथून पळून गेली. शार्को १८९३ मध्ये वारले आणि त्यानंतर ते भव्य झटकेही त्या रुग्णालयातून जवळजवळ दिसेनासे झाले. आपले लेखक म्हणतील, पाहा, प्रेक्षक गेले आणि नाटक संपले. त्यांचा हा मुद्दा मी मान्य करते. पण मग हेही मान्य करावे लागते की, ते नाट्यगृह त्या स्त्रियांनी बांधलेले नव्हते. ते बांधणाऱ्यांनी त्यांच्याकडे हजारो डोळ्यांनी पाहिले, आणि पाहिली ती मुद्रा. त्या मुलींचे पुढे काय झाले याची चौकशी त्या सभागृहात फारशी कोणाला नव्हती. तमाशाकडे लक्ष देणे आणि माणसाकडे लक्ष देणे यांत जो फरक आहे, तो दुर्लक्षाचा सल्ला देताना पुसला जातो. तमाशाकडे पाहणे थांबवावे हे योग्यच. माणसाकडे पाहणे थांबवले तर उपचाराला उरते काय?

ख्रिस्ती परंपरेला प्रेक्षकांच्या या भुकेची ओळख फार जुनी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या तापसाने मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली, त्यांत एक विचार म्हणजे बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्रात ज्याला ‘पोकळ डौल’ म्हटले आहे तो. इव्हाग्रियसने दिलेले उदाहरण मला फार मार्मिक वाटते. कोठडीत एकटा बसलेला तापस मनातल्या मनात पाहतो की, आपल्या दाराशी गर्दी लोटली आहे, लोक आपल्या वस्त्राला हात लावत आहेत, आजारी स्त्रिया बऱ्या होत आहेत. वाळवंटात प्रेक्षक एकही नाही, आणि प्रयोग मात्र तुडुंब भरलेला. प्रेक्षक उठून गेले की नाटक थांबते या समजुतीला सोळाशे वर्षांपूर्वी मिळालेले हे उत्तर आहे. त्याच्यानंतर आलेल्या जॉन कॅसियन या तापसाने या डौलाला कांद्याची उपमा दिली: एक पापुद्रा काढावा तर खाली दुसरा. चांगली वस्त्रे घालून मिरवणे सोडले तर फाटक्या वस्त्रांचा डौल चढतो, बोलणे सोडले तर मौनाचा. संत ऑगस्टीनने स्वतःच्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात याहून अवघड गोष्ट कबूल केली आहे. संपत्तीचा मोह सुटला की नाही हे संपत्ती टाकून देऊन तपासता येते, पण स्तुतीचा मोह सुटला की नाही हे तपासण्यासाठी माणसाने काय मुद्दाम वाईट वागावे? मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसने मात्र एक समजूतदार भेद केला. आपले चांगले काम कोणाला तरी दिसावे ही इच्छा मुळात पाप नाही, असे तो म्हणतो. ज्या गोष्टीचा गौरव हवा आहे ती क्षुल्लक असेल, ज्याच्याकडून हवा आहे त्याच्या मताला किंमत नसेल, किंवा तो गौरव देवाच्या अथवा शेजाऱ्याच्या भल्याकडे वळत नसेल, तर ती इच्छा पोकळ होते.

आता मूळ प्रश्न. हिस्ट्रिऑनिक माणूस या पोकळ डौलाचा पापी आहे काय? अनेक भाविक घरांत याचे उत्तर पटकन ‘हो’ असे दिले जाते आणि त्या माणसाला नम्रतेवर प्रवचन ऐकवले जाते. माझ्या मते पाप म्हणण्यासाठी आधी निवड करण्याइतकी मोकळीक लागते. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या १७३५व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की अज्ञान, भीती, सवय आणि मानसिक कारणे यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, एखाद्या वेळी नाहीशीही होऊ शकते. याचा अर्थ अशा माणसाला सगळे माफ, असा मात्र नव्हे. एखादीने भावजयीवर खोटा आळ घेतला तर तो आळ खोटाच आहे आणि त्याबद्दल क्षमा मागायला हवी. ते पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये) सांगायचे. पण खोलीत शिरल्याबरोबर कोणी वळून पाहिले नाही तर छातीत जी पोकळी पडते, ती तिने निवडलेली नाही. ती समुपदेशकाकडे न्यायची. ढोंगी माणूस आत एक आणि बाहेर एक असतो, आणि त्याला ते ठाऊक असते. हिस्ट्रिऑनिक माणसाला बहुतेक वेळा आपण अभिनय करतो आहोत हे कळतच नाही. त्याच्या लेखी ते अश्रू खरे असतात. त्याला ढोंगी म्हणणे हे, माझ्या समजुतीप्रमाणे, मत्तयाच्या त्या अध्यायाचे चुकीचे वाचन आहे.

बायबलमधील व्यक्तींना आधुनिक निदाने चिकटवण्याचा खेळ मला आवडत नाही, त्यामुळे पुढील तीन प्रसंगांतील कोणालाही मी रुग्ण म्हणत नाही. मला रस आहे तो पाहणाऱ्यांमध्ये. मंदिरात हन्ना मूल व्हावे म्हणून प्रार्थना करते, ओठ हलतात पण आवाज येत नाही, आणि याजक एली तिला दारू प्यायलेली समजून दटावतो. दावीद राजा देवाच्या पवित्र कोशापुढे बेभान होऊन नाचतो आणि त्याची पत्नी मीखल खिडकीतून पाहून त्याचा तिरस्कार करते. ‘काय शोभा केली राजाने’ हा तिचा सूर आपल्या ओळखीचा आहे. आणि लूकच्या सातव्या अध्यायात शिमोन नावाच्या परुशाच्या, म्हणजे कर्मठ धर्मपंथीयाच्या घरी, भरल्या पंगतीत, एक स्त्री येशूच्या पायांवर अश्रू ढाळते, केसांनी ते पुसते, पायांचे मुके घेते, सुगंधी तेल ओतते. आजच्या कोणत्याही घरात हा प्रसंग घडला तर लोक काय म्हणतील हे सांगायला नको. शिमोन मनात एकच शब्द उच्चारतो: पापी. येशू त्याला विचारतो, ही बाई तुला दिसते ना? आणि मग तो तपशील मोजू लागतो. तू पायांसाठी पाणी दिले नाहीस, हिने आसवांनी भिजवले. तू माझा मुका घेतला नाहीस, ही थांबली नाही. तू डोक्याला तेल लावले नाहीस, हिने पायांना लावले. वर ज्या ढोबळ, तपशीलशून्य बोलण्याला मी विकाराचे सर्वांत बोलके लक्षण म्हटले, ते या प्रसंगात त्या स्त्रीचे नाही, शिमोनचे आहे. ठशावर बोलणारा तो, आणि बारकाव्याने पाहणारा येशू. समुपदेशनाच्या खोलीत कुशल समुपदेशक नेमके हेच करतो: ‘भयंकर झाले हो’ असे ऐकले की तो विचारतो, किती वाजता, कोण होते, त्या आधी काय बोलणे झाले.

हागारची कथाही इथे आठवते. मालकिणीच्या छळाने रानात पळालेली ती गरोदर दासी झऱ्याजवळ देवाला नाव देते: मला पाहणारा देव. बायबलमध्ये देवाला नाव देण्याचा मान मिळालेली ही बाई घरदार सुटलेली, कोणाच्याही खिजगणतीत नसलेली आहे. आपल्याला कोणीतरी पाहावे ही भूक ख्रिस्ती धर्मविचारात लाजिरवाणी नाही. माणूस मुळात पाहिला जाण्यासाठीच घडला आहे असा तो विचार आहे. मत्तयाच्या त्याच सहाव्या अध्यायात, दार लावून प्रार्थना कर असे सांगताना येशू ‘कोणी पाहू नये’ एवढ्यावर थांबत नाही. गुप्तपणे पाहणारा पिता तिथे आहे असे तो सांगतो. प्रेक्षक काढून घेतल्यावर खोली रिकामी राहत नाही. दुर्लक्षाच्या सल्ल्यात खोली रिकामी राहते.

हे लिहिताना माझ्या स्वतःच्या चर्चकडे बोट दाखवले नाही तर तो अप्रामाणिकपणा होईल. गेल्या काही दशकांत आपल्याकडच्या प्रार्थनासभांना आणि रिट्रीटना (प्रार्थनाशिबिरांना) व्यासपीठ, ध्वनिक्षेपक आणि साक्ष देण्याची, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सर्वांपुढे सांगण्याची, रांग यांचे जे स्वरूप आले आहे, त्यात ज्याचे रडणे मोठे त्याची साक्ष मोठी असा हिशेब नकळत बसतो. सहज वाहून जाणे हे ज्याचे लक्षणच आहे, त्याला आपण तिथे दर आठवड्याला टाळ्या देतो आणि घरी आल्यावर त्याला नाटकी म्हणतो. दुसरे टोक म्हणजे अशा माणसाला ‘बाधा’ झाली असे ठरवणे. वास्तविक कॅथलिक चर्चच्या १६१४ च्या रोमन विधिग्रंथातच भूतबाधेवर सहजासहजी विश्वास ठेवू नये आणि बाधा व आजार यांतला फरक ओळखावा अशी ताकीद आहे, आणि अलीकडच्या सुधारित विधीतही वैद्यकीय तज्ज्ञांचे मत घेण्याची सूचना आहे. ती खेड्यापाड्यांतील किती प्रार्थनागटांना माहीत आहे, देव जाणे. आणि केवळ वाहून जाणाऱ्यांनाच का बोलायचे? मंदिराच्या शिखरावरून सर्वांदेखत उडी टाक हा सैतानाने येशूपुढे ठेवलेला मोह व्यासपीठावरच्या माणसाचा मोह आहे. माईक सोडवत नाही असे उपदेशक आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांना मात्र कोणी हिस्ट्रिऑनिक म्हणत नाही, त्यांना आपण प्रभावी वक्ते म्हणतो.

सोळाव्या शतकातील स्पेनच्या संत तेरेजाला स्वतः गूढ अनुभव येत असत. फ्रॉइडचे सहकारी ब्रॉयर यांनी १८९५ मध्ये तिला हिस्टेरियाची आश्रयदाती संत म्हटले, पण त्याच वाक्यात तिची प्रतिभा आणि व्यवहारकुशलताही मान्य केली. त्या व्यवहारकुशलतेचा नमुना असा: प्रार्थनेत तासन्‌तास बधिर होऊन पडणाऱ्या एका व्यक्तीविषयी ती लिहिते की, आठ आठ तास ती अवस्था टिकायची, आणि झोप, पोटभर जेवण व कमी तपश्चर्या यांनी ती थांबली. तेरेजाने तिला ढोंगी ठरवले नाही आणि संतही ठरवले नाही. आपल्याकडे १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, शेकडो स्त्रिया आणि मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, अंगात आग पेटल्यासारखे त्यांना वाटू लागले. त्याला कोणी पवित्र आत्म्याचे कार्य म्हटले, कोणी उन्माद. यावर आज निकाल देण्याची माझी पात्रता नाही. मला एवढेच दिसते की, त्यांतील बऱ्याच जणी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातमधून उपासमारीतून आणलेल्या होत्या, त्यांच्या रडण्याला कारणांची कमतरता नव्हती. आणि रमाबाईंच्या त्या आश्रमात त्यांना प्रार्थनेइतकेच कामही होते, छापखाना होता, विणकाम होते, शेती होती. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापले गेले.

आता माझ्या गटाची एक हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आमच्याकडची एक पन्नाशीची बाई प्रत्येक सभेत साक्ष द्यायची, प्रत्येक वेळी तिची कहाणी वेगळी असायची आणि एका अंत्यविधीला तर ती विधवेपेक्षा मोठ्याने रडली. लोक कुजबुजले, मयत कोणाचे आणि रडते आहे कोण. आमच्या गटाने ठरवले की हिला प्रतिसाद द्यायचा नाही. या ठरावात मीच पुढे होते आणि आपल्या लेखकाचाच युक्तिवाद मी तेव्हा केला होता. तीन महिन्यांत ती यायची बंद झाली. आम्हाला वाटले, उपाय लागू पडला. नंतर कळले की ती पलीकडच्या गावातील प्रार्थनागटात जाऊ लागली होती आणि तिथून तिसऱ्याच एका गटात. प्रत्येक ठिकाणी अधिक मोठी कहाणी सांगावी लागत होती आणि त्या कहाण्यांपायी तिचे घरचे आणखी दुरावले होते. पुढे मी तिच्याकडे दर गुरुवारी दुपारी चारला जाऊ लागले, पाऊण तास, तिने बोलावले तरी आणि नाही बोलावले तरी. रडू लागली तर मी थांबायचे, निघून जायचे नाही आणि समजूतही काढायची नाही. रडणे ओसरले की विचारायचे, काल काय जेवलात, दुपारी काय केलेत. एरवी रात्री अकराला फोन आला तर उचलायचा नाही, हेही तिला आधीच सांगितले होते. सहा-सात महिन्यांनी एका गुरुवारी तिने, डोळ्यांत पाण्याचा थेंब नसताना, साध्या आवाजात सांगितले की बुधवारी दिवसभरात तिच्याशी कोणीही एक शब्द बोलले नव्हते. तिच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला तपशील. त्यानंतर ती समुपदेशकाकडे जायला तयार झाली. ती अजूनही भांडते, गेल्या नाताळला तर माझ्याशीच भांडली. तेव्हा ही यशकथा म्हणून सांगत नाही.

लेखात वैवाहिक तंट्यांचाही ओझरता उल्लेख होता, त्याविषयी थोडेसे. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील १०९५व्या कलमानुसार मानसिक कारणांमुळे विवाहाची मूलभूत बंधने पेलण्याची क्षमताच नसेल, तर तो विवाह मुळातच वैध नव्हता असे ठरवता येते, आणि अशा प्रकरणांत व्यक्तिमत्त्व विकारांचे दाखले पुढे येतात. पण पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ मध्ये रोमच्या धर्मन्यायालयापुढे बोलताना बजावले होते की, अक्षमता वेगळी आणि अडचण वेगळी. अडचणीने विवाह रद्द होत नाही. हिस्ट्रिऑनिक हा शिक्का वर्तमानपत्रातून कात्रण काढून जोडीदाराला मारता येत नाही. शिवाय हा शिक्का आता वैद्यकातही डळमळू लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात हा स्वतंत्र प्रकार उरलेला नाही; तिथे व्यक्तिमत्त्व विकाराची तीव्रता पाहतात आणि मग ठळक गुणविशेष नोंदवतात. आपल्या लेखात हा प्रकार दगडावर कोरल्यासारखा मांडला होता. तसेच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार, समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक चालीशी न जुळणे हा कोणालाही मनोरुग्ण ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. मोठ्याने प्रार्थना करणारी सून आणि भडक साडी नेसणारी विधवा यांना हा कायदा लागू आहे, हे घराघरांत कळायला हवे.

तेव्हा विनंती अशी की, या विषयावर पुन्हा लिहून घेतले तर शीर्षकातून ‘नौटंकी’ गाळावे आणि छायाचित्र द्यायचेच असेल तर कोणाच्याही चेहऱ्याचे देऊ नये. लेखाखाली केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या विनामूल्य सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक छापावा. तिथे मराठीतूनही बोलता येते. आणि लेखकांना माझा नमस्कार सांगून विचारावे की, लक्ष देऊ नका असे ज्या कुटुंबांना त्यांनी सांगितले, त्यांना गुरुवारी दुपारी चार वाजता काय करायचे हेही ते पुढच्या लेखात सांगतील का.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, वसई